वस्त्रागारातील कपाट

'लिलाव' हा शब्द आपल्या मराठीला पोर्तुगिजांकडून मिळाला आणि 'अलमारी' हा शब्दही त्यांचाच. सणाच्या दिवशी मिस्सेनंतर चर्चच्या आवारात होणारा लिलाव वाचकांच्या परिचयाचा आहे. शंभर रुपयांच्या केळीच्या घडाला पाचशेची बोली लागते, आणि ती बोली केळ्यांसाठी नसते हे बोलणाऱ्यालाही ठाऊक असते अन् ऐकणाऱ्यालाही. वस्तूची किंमत आणि वस्तूचे मोल यांतला फरक आपल्या माणसांना असा सहज कळतो. तरीही एकदा तो फरक आम्हांला कळला नाही. त्याचीच ही कबुली.

काही वर्षांपूर्वी एका स्नेह्यांच्या आग्रहाखातर जुन्या वस्तूंच्या लिलावापूर्वी भरणारे प्रदर्शन पाहण्यासाठी आम्ही मुंबईला गेलो होतो. लांब हातांच्या, वेताने विणलेल्या आरामखुर्च्या, कोरीवकामाचे शिसवी पलंग, हंड्या-झुंबरे, लंबकाची घड्याळे, जुने नकाशे, नाणी असा सारा थाट तेथे मांडलेला होता. प्रत्येक वस्तूला क्रमांकाची चिठ्ठी अडकवलेली. हाती दिलेल्या सूचिपत्रात त्या क्रमांकापुढे लाकूड, अंदाजे काळ आणि अपेक्षित किंमत छापलेली होती. स्नेह्यांनी समजावले, "फादर, याशिवाय एक राखीव किंमत असते. ती बोली लावणाऱ्यांना सांगत नाहीत. बोली तिच्यापर्यंत पोहोचली नाही, तर वस्तू मालकाकडे परत जाते."

फिरता फिरता आमची पावले एका सागवानी कपाटापाशी थबकली. त्याला सहा खण होते, रुंद आणि उथळ. असे खण घरगुती कपाटाला नसतात. मिस्सावस्त्रांच्या भरजरी कामाला घडी पडू नये, ती आडवी पसरून ठेवता यावीत, म्हणून वस्त्रागारातील कपाटाला ते तसे करतात. आम्ही तिसरा खण ओढला. आतल्या बाजूस चाकूच्या टोकाने कोरलेली आद्याक्षरे होती, एक लहानसा क्रूस होता आणि एक वेडावाकडा मासा. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वेदीसेवकांचा तो उद्योग. हे कपाट आमचे होते.

आमचे म्हणजे आमच्या पहिल्या धर्मग्रामाचे. १९९९ साली आम्ही तेथे सहायक धर्मगुरू होतो. नुकतीच गुरुदीक्षा झालेली, अंगात उत्साह मावत नव्हता. जुने वस्त्रागार पाडून नवे बांधण्याचे काम प्रमुख धर्मगुरूंनी आमच्यावर सोपवले होते. नव्या खोलीत लोखंडी कपाटे आली आणि या जुन्या धुडाला जागा उरली नाही. जुन्या लाकडाचा व्यापारी आला, मागच्या फळीला लागलेली वाळवी त्याने दाखवली आणि चार हजार रुपये आमच्या हातावर ठेवले. वस्त्रागाराची देखभाल करणारे वृद्ध काका दाराशी उभे होते. ते एवढेच म्हणाले, "फादर, एक खण तरी ठेवा." आम्ही हसलो आणि म्हणालो, "काका, सुट्या खणाचे करायचे काय?" टेम्पो निघून गेला.

आता तेच कपाट दिव्यांच्या झगमगाटात उभे होते. सूचिपत्रात त्याच्यापुढे एकच ओळ होती : पश्चिम किनारा, एकोणिसावे शतक, आतील बाजूस ओरखडे. ओरखडे! न राहवून आम्ही तेथील तरुण कर्मचाऱ्यास सारी हकिगत सांगितली. तो खेदाने म्हणाला, "फादर, हे आधी कळले असते तर अपेक्षित किंमत वाढवता आली असती. आमच्या धंद्यात वस्तूपेक्षा तिच्या इतिहासाला भाव असतो."

त्याचे म्हणणे खरे होते. मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात गांधीजींचा चष्मा, चपला, खिशातील घड्याळ, थाळी आणि वाटी यांना मिळून अठरा लाख डॉलरची बोली लागली. ती काही धातूची आणि चामड्याची किंमत नव्हती. व्यापारी ज्या इतिहासासाठी पैसे मोजतो, तो इतिहास आमच्यापाशी होता आणि आम्ही तो लाकडाच्या भावात दिला. एसावने भुकेपोटी मसुरीच्या वरणासाठी आपला ज्येष्ठत्वाचा हक्क विकला. आम्ही तर भुकेलेही नव्हतो.

ख्रिस्तसभा या बाबतीत आमच्याहून शहाणी आहे. १९१७ च्या कॅनन लॉमध्ये असा नियम होता की, आशीर्वादित वस्तू जाहीर विक्रीस मांडली की तिचा आशीर्वाद संपतो. सध्याच्या १९८३ च्या संहितेनुसार संतांचे पवित्र अवशेष विकण्यास सक्त मनाई आहे, आणि कला वा इतिहास यांच्या दृष्टीने मौल्यवान असलेली चर्चची मालमत्ता विकायची तर परमगुरुपीठाची परवानगी लागते. देशाचा कायदाही आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू व ऐतिहासिक वस्तू खाजगी व्यक्तीस देशाबाहेर पाठवता येत नाहीत आणि त्यांच्या विक्रेत्याला परवाना घ्यावा लागतो. आजोबांकडून आलेला हस्तिदंती क्रूस तर विकताच येत नाही, कारण हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे बंद आहे.

आज आपल्या गावांतील जुनी घरे पडत आहेत, इमारती उठत आहेत. नव्या सदनिकेत आजीचा देव्हारा मावत नाही, हे आम्हांला समजते. विकणे हे पाप नव्हे, मुलांच्या शिक्षणासाठी किंवा आजारपणात विकावेही लागते. परंतु विकण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसा. वस्तू कोणी करवली, कोणत्या लग्नात आली, तिच्यापुढे कोणी कोणासाठी प्रार्थना केली, ते वहीत लिहून घ्या. छायाचित्र काढा. घरात जागाच नसेल, तर जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. १९९४ साली ते राशोलच्या सेमिनरीत सुरू झाले आणि २००२ मध्ये येथे आले. आपल्या वस्तूला तेथे जागा मिळेल का, एवढे विचारून पाहायला हरकत नाही.

लिलावाच्या दिवशी आम्ही गेलो नाही. कपाट अडीच लाखांना गेल्याचे नंतर कळले. तत्पूर्वी त्याचा सारा वृत्तान्त एका कागदावर लिहून, नव्या मालकास द्यावा म्हणून, आम्ही त्या तरुणाकडे सोपवला होता.

पुढे त्या धर्मग्रामात सणाला गेलो असता प्रवचनात आम्ही ही चूक कबूल केली. मिस्सेनंतर साठीचे एक गृहस्थ जवळ आले. तो मासा त्यांनी कोरला होता. त्यांनी रागाचा शब्दही काढला नाही, फक्त विचारले, "फादर, तो अजून आहे ना तिथे?"

आम्ही "आहे" म्हणालो. ज्यांनी एक खण मागितला होता, ते काका मात्र तोवर दफनभूमीत विसावले होते. त्यांच्या कबरीपाशी आम्ही बराच वेळ उभे राहिलो.