जर-तरचा भायखळा

मुंबईच्या पांढरपेशा घरातले प्रत्येक मूल एकदा तरी राणीच्या बागेत नेले जाते. पण परत आल्यावर कोणी 'भायखळ्याला गेलो होतो' असे सांगत नाही. भायखळा बिचारा नुसता उतरण्यापुरता! मी मात्र आज तुम्हांला भायखळ्यालाच नेणार आहे, आणि वाटाड्या म्हणून बरोबर घेणार आहे कथेतल्या एका प्राध्यापकांना.

जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याहून मुंबईला निघतात आणि निराळ्याच मुंबईत येऊन पोचतात. १७६१ साली पानिपतावर विश्वासरावांचा प्राण घेणारी गोळी त्या जगात त्यांच्या कानाजवळून निघून गेलेली असते. मराठे जिंकतात, आणि इंग्रजांचा अंमल मुंबईसारख्या मोजक्या ठिकाणांपुरता उरतो. पंतांची जिजामाता एक्स्प्रेस कल्याण मागे टाकून व्हिक्टोरिया टर्मिनसला येते. आता कल्याणहून व्ही. टी.ला जायचे, तर भायखळा चुकवता येतो थोडाच? १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला निघालेली आपली पहिली आगगाडीही याच वाटेने गेली. पंतांनी इथे खिडकीतून डोकावले असते, तर त्यांना काय दिसले असते?

हा प्रश्न डोक्यात ठेवून स्टेशनाच्या पूर्वेला उतरा आणि बागेकडे चालू लागा. १८६२ साली ही बाग उघडली ती व्हिक्टोरिया राणीच्या नावाने. आज तिचे नाव आहे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. म्हणजे कथेतली गाडी जिजामातेच्या नावाची आणि इथली बागही तिच्याच नावाची! लोक अजून 'राणीची बाग'च म्हणतात. राणी कोणती, हे ज्याचे त्याने मनाशी ठरवावे.

बागेला लागूनच १८७२ साली उघडलेले संग्रहालय आहे. १९७५ पासून त्याला डॉ. भाऊ दाजी लाडांचे नाव आहे. त्याच्या बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. घारापुरीला पोर्तुगीजांनी 'एलिफंटा' म्हटले ते याच्याचमुळे. १८६४ साली इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचे ठरवले. उचलताना क्रेनचा दांडा मोडला आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आले, आणि १९१४ साली जोडून पुन्हा हत्ती उभा राहिला. दांडा मोडला नसता, तर आज आपला हत्ती पाहायला आपल्यालाच परदेशी जावे लागले असते. तिकडे विश्वासरावांच्या कानाजवळून गेलेली गोळी आणि इकडे हा दांडा, दोन्ही सख्खी भावंडेच म्हणायची!

ही नजर मला कथांनी दिली. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न लहानपणी वाचला, तेव्हा चंद्रावर जाण्याची हौस वाटली. नारळीकर वाचले, तेव्हा पायाखालची जमीनच नवी दिसू लागली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहवून घेतली. पहिले बक्षीस त्या अनोळखी जगतापांना मिळाले! पुढे २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले. मे २०२५ मध्ये ते गेले.

विज्ञानकथा म्हणजे पोरखेळ, असे आमच्या मराठीच्या वर्तुळात अजूनही अधूनमधून ऐकू येते. त्यांना मी एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगतो. वर्गात पंतांची कथा वाचून झाल्यावर मी मुलांना आपापला 'जर-तर' लिहायला सांगितला. ही मुलगी भायखळ्याची. आजोबा इथल्याच एका गिरणीत कामाला होते. तिने लिहिले: १८ जानेवारी १९८२ ला संप सुरूच झाला नसता, तर? मला वाटले, आता गिरणीचा भोंगा वाजत राहणार आणि सगळे गोड होणार. पण पोरगी हुशार! तिच्या कथेतही जमिनीला सोन्याचा भाव येतो आणि गिरणी शेवटी बंदच होते. फरक एवढाच, की आजोबा शेवटची पाळी पुरी करतात, हिशेब हातात घेतात आणि ताठ मानेने घरी येतात.

तिने ते आजोबांना वाचून दाखवले. म्हातारा बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "सगळं बरोबर लिहिलंस. पण हिशेब किती मिळाला, ते नाही लिहिलंस."

घडले नाही त्याचे चित्र काढले, म्हणजे जे घडले त्यात नेमके काय हरवले ते कळते. त्या घरात चाळीस वर्षे न बोललेले वाक्य एका कल्पित कथेने बोलते केले. यालाच पोरखेळ म्हणायचे असेल, तर तो साहित्याने जरूर खेळावा.

या दिवाळीच्या सुटीत मुलांना राणीच्या बागेत न्याल, तेव्हा २०१६ साली आलेले पेंग्विन अवश्य दाखवा. मग पाच मिनिटे त्या दगडी हत्तीसमोर उभे राहा, तो इथे कसा आला ते सांगा, आणि 'तो दांडा मोडला नसता तर?' एवढे विचारून गप्प बसा. पुढची कथा मुले रचतील.