घोडीचा उतार

तंबोऱ्याची घोडी लांबून सपाट दिसते. ती खरोखर सपाट असती तर तंबोरा मुकाच राहिला असता. घोडीच्या माथ्याला गळ्याच्या बाजूकडे अगदी थोडा उतार असतो. डोळ्यांना तो दिसत नाही, बोट फिरवलं तर जेमतेम लागतो. तार छेडली की ती या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते, आणि तिच्या पोटातले वरचे सूर मोकळे होऊ लागतात. खरजाच्या तारेतून गंधार ऐकू येतो तो असा. त्याची कंपनं खरजाच्या पाचपट. तो कुणी छेडलेला नसतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तारेत तो असतोच, पण उतार चुकला तर तो कानापर्यंत पोचत नाही.

हा उतार काढणं म्हणजे जवारी लावणं. हे काम मी मिरजेत चाचांच्या, म्हणजे माझ्या गुरूंच्या, कारखान्यात शिकलो आणि त्यावर पोट भरतो पुण्यात. मिरजेहून निघालो तेव्हा मिसरूड फुटत होतं. आता चष्मा लावल्याशिवाय घोडीवरचा चर दिसत नाही. मधल्या काळात गावी जाणं झालं ते लग्नकार्याला आणि मयतीला. सकाळी पोचायचं, संध्याकाळच्या गाडीने परतायचं. कारखान्याच्या दारावरून रिक्षा गेली तरी उतरणं व्हायचं नाही.

मिरजेला बाहेरचा माणूस येतो तो बहुधा दवाखान्यासाठी, नाहीतर गाडी बदलण्यासाठी. 1894 साली इथे मिशनचं रुग्णालय सुरू झालं. कर्नाटकातून आणि कोकणातून पेशंट घेऊन लोक येतात आणि स्टेशनसमोरच्या लॉजमध्ये मुक्काम ठोकतात. या खेपेला मीही त्यातलाच होतो. मामाच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी दोन दिवस थांबायला सांगितलं, मामी जवळ होती, आणि मला काम असं काहीच नव्हतं. पाय आपोआप सतारमेकर गल्लीकडे वळले.

गल्ली ओळखता येते. पूर्वी दुकानांच्या दर्शनी भागात सतारी आणि तंबोरे टांगलेले असत. आता त्यांच्या जोडीला गिटार आणि ढोलकीही आहेत. आमच्या कारखान्याच्या पाटीवरचा रंग नवा आहे, पण दाराची चौकट तीच. आत पाऊल टाकलं आणि वास आला. लाख, स्पिरिट, तुणीच्या लाकडाचा भुसा आणि वाळलेल्या भोपळ्याचा कडवट, धुळकट वास. सरस शिजवल्याचा वास मात्र आता नाही. तयार गोंदाचे डबे आले. लहानपणी त्या सरसाच्या वासाने मळमळायचं, तरी त्या दिवशी मी तो शोधत होतो.

चाचांचा धाकटा मुलगा गळ्याला रंधा मारत होता. तो माझ्याच वयाचा. त्याने मान वर केली, घटकाभर बघितलं आणि म्हणाला, "कवा आलास? मामांचं कसं हाय?" गाव लहान आहे, ऑपरेशनची बातमी माझ्याआधी पोचली होती. त्याने स्वतःखालची सतरंजी ओढून माझ्याकडे सरकवली. ख्यालीखुशाली तेवढ्यावर संपली, कारण माझ्या समोरच एक तंबोरा घोडी काढून ठेवलेला होता, आणि आम्ही दोघंही त्याच्याकडेच बघत होतो.

या गल्लीचा धंदा मुळात हत्यारांचा. शिकलगार म्हणजे तलवारींना धार लावणारे, हत्यारं घडवणारे लोक. एकोणिसाव्या शतकात संस्थानांच्या फौजा आटल्या आणि हत्यारांची मागणी बसली. मिरजेच्या पटवर्धन सरकारांच्या दरबारात गाणंबजावणं होतं, वाद्यं मोडायची, ती दुरुस्त करायला माणूस हवा होता. फरीदसाहेब शिकलगारांनी ते काम हातात घेतलं आणि दुरुस्तीतून पुढे नवी वाद्यं घडवायला सुरुवात केली. ही गोष्ट शतकाच्या मध्याची. धातूला धार लावणारा हात लाकडाकडे वळला, यात मला कधी नवल वाटलं नाही. पात्याची धार काढताना कारागीर किती दाब द्यायचा ते बोटांनी ठरवतो आणि पातं दगडावर कसं बोलतंय ते ऐकतो. घोडीवर कानस फिरवताना आम्ही हेच करतो.

पुढे याच गावात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ येऊन राहिले. त्यांच्या किराणा घराण्याचं गाणं सुरावर उभं आहे. एकेका स्वरावर थांबून तो पुरता भरायचा, तर मागचा तंबोरा तसाच भरलेला लागतो. खाँसाहेबांना वाद्याच्या दुरुस्तीचं चांगलं अंग होतं. सांगलीचे कृ. ब. देवल श्रुतींचा अभ्यास करत होते, त्यांनाही खाँसाहेबांच्या कानाचा उपयोग झाला. 1937 साली मद्रासकडच्या प्रवासात खाँसाहेब वारले आणि त्यांना मिरजेला आणून ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. त्यांच्या स्मरणार्थ तिथे दरवर्षी गाणं होतं. लहानपणी त्या मैफलींना आम्हाला पुढे बसवायचे ते गाणं कळावं म्हणून नव्हे. तंबोरा उतरला तर धावत जाता यावं म्हणून. पण गाणं कानावर पडायचंच.

मी कारखान्यात लागलो तेव्हा पहिले कित्येक महिने घोडीला हात लावू दिला नाही. काम भोपळ्याचं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे यायचे. हा खायचा भोपळा नव्हे. कडू असतो आणि कवच जाड. माळ्यावर तो महिनोन्‌महिने वाळवायचा. हलवला की आत बिया खुळखुळतात. मग पाण्यात भिजवून मऊ करायचा, तोंड कापायचं, आतला गर आणि बिया खरवडून काढायच्या आणि तोंड हव्या त्या घेराचं व्हावं म्हणून आत काटक्यांचा ताण द्यायचा. वाळता वाळता तो घेर धरतो. एखाद्याला मध्येच तडा जायचा. चाचा रागवायचे नाहीत. भोपळा टिचकी मारून कानाशी धरायचे आणि आम्हालाही धरायला लावायचे. तडा गेलेला आणि धड भोपळा यांच्या आवाजातला फरक लाकूड कळण्याच्या आधी कळला पाहिजे, असा त्यांचा आग्रह.

नंतर ऐकायला बसवलं. तंबोऱ्याकडे पाठ करून बसायचं. चाचा एक तार छेडायचे आणि विचारायचे, पंचम, जोड की खरज? हे सोपं. मग विचारायचे, जोडातली पहिली की दुसरी? दोन्ही तारा एकाच जाडीच्या, एकाच सुरात लावलेल्या. त्यांच्यात फरक असेल तर तो त्या त्या तारेखालच्या घोडीच्या उतारातच. तो फरक कानाला लागला त्या दिवशी त्यांनी कानस हातात दिली.

जवारीचं काम जवळून सांगतो, कारण ज्यांच्या घरी तंबोरा आहे त्यांनाही ते सहसा पाहायला मिळत नाही. तारा रोज घासून घोडीवर बारीक चर पडतात. चर पडला की तारेची हालचाल अडकते आणि आवाज बसतो. आधी तारा सैल करून घोडी काढायची. तिचा माथा बारीक कानशीने घासून चर घालवायचे, मग काचेच्या धारेने खरवडायचं आणि शेवटी बारीक पॉलिश कागद. हे झालं सपाट करणं. खरं काम पुढे आहे. घोडी जागेवर ठेवायची, एक तार चढवायची, सुरात आणायची, ऐकायचं. तार सैल करायची, तिच्याखालच्या तेवढ्याच जागेवर कानस फिरवायची, पुन्हा चढवायची, पुन्हा ऐकायचं. चाचांचा नियम असा की कानस दोनदा फिरवायची आणि ऐकायचं, तिसऱ्यांदा फिरवायची नाही. गेलेलं लाकूड परत येत नाही. खरजाची तार जाड, तिची झेप मोठी, म्हणून तिला उतार जास्त लागतो. जोडाला कमी. चारही तारा चांगल्या झाल्या तरी काम संपत नाही, कारण एका तारेचा नाद सरताना दुसरीचा उठला पाहिजे, मध्ये फट पडता कामा नये. शेवटी प्रत्येक तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा. दोरा केसभर पुढेमागे करता करता एका जागी आवाज एकदम उघडतो. नवख्या माणसालाही ती जागा ऐकू येते. ती दोऱ्याने सापडावी एवढा उतार घोडीत आधी काढून ठेवणं हे कारागिराचं काम.

पूर्वी घोडी हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची असे. वन्यजीव कायद्यानंतर ते बंद झालं, आणि व्हायलाच हवं होतं. आता शिसव, एबनी किंवा फायबर. लाकडी घोडीचा आवाज मऊ असतो, पण तिच्यावर चर लवकर पडतात. म्हणजे जवारीवाल्याची गरज उलट वाढली आहे.

त्या दिवशी समोर पडलेला तंबोरा धारवाडकडच्या एका गायिकेचा होता. बाई दुपारी आल्या. पन्नाशीच्या, बरोबर एक शिष्या. चाचांच्या मुलाने चहा मागवला आणि कानस हातात घेण्याआधी म्हणाला, "ताई, तुमचा सा द्या." बाईंनी डोळे मिटून सा लावला. पेटीच्या काळी चारच्या जरासा खाली. त्याने पेटीवर जुळवून पाहिलं नाही, तार थेट त्यांच्या आवाजाला लावली. मग एकेक तार चढत गेली. मध्येच बाई म्हणाल्या, "पंचम थोडा जास्त बोलतोय, माझा मंद्र त्याच्याखाली दबतो." त्याने पंचमाखालची जवारी जरा बंद केली. दुसऱ्या कुणाला तो तंबोरा आता किंचित फिका वाटला असता. बाईंनी मंद्रात दोन स्वर लावून पाहिले आणि मान हलवली. त्या गळ्यासाठी तो बरोबर झाला होता.

सगळं दोन-अडीच तास चाललं. खरजाची तार त्याने माझ्याकडे दिली. आम्ही बोललो जवळजवळ नाहीच. तो छेडायचा, मी भुवई उचलायचो किंवा तो कानशीकडे हात न्यायचा. चाचा जाऊन काही वर्षं झाली. आम्ही दोघं इतकी वर्षं वेगवेगळ्या गावांत काम करतो, तरी आमचे हात एकाच जागी थांबत होते. जवारी लिहून ठेवता येत नाही. कानशीचे किती फेरे हे सांगून उपयोग नसतो, कारण प्रत्येक लाकूड, प्रत्येक तार, हवेतला दमटपणा वेगळा. ती शेजारी बसूनच शिकावी लागते, आणि शेजारी बसायला माणूस लागतो. कारखान्यात आज नव्या पिढीचा एकच पोरगा आहे. सतारीच्या सेल्युलॉइडच्या नक्षीवर त्याचा हात सुरेख चालतो. जवारीकडे तो अजून वळलेला नाही, कारण तिच्यात वेळ जातो आणि मजुरी मिळत नाही.

या मजुरीबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. नव्या तंबोऱ्यासाठी हजारो रुपये खळखळ न करता मोजणारी माणसं जवारीचे पैसे देताना घासाघीस करतात. "नुसतं घासायचंच तर आहे," हे वाक्य मी पुण्यात अनेकदा ऐकलं आहे. ऐंशीच्या दशकापासून इलेक्ट्रॉनिक पेटीतला तंबोरा आला, आता तर तो फोनवर आहे. रियाझाला, प्रवासात त्याची सोय होते, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच्यात जो आवाज भरला आहे तो कधीतरी कुणीतरी हाताने जवारी लावलेल्या खऱ्या तंबोऱ्याचा, नाहीतर त्याची बरहुकूम नक्कल. हात संपले तर नक्कल कशाची करणार?

2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गल्लीत त्याचा आनंद आहे आणि मलाही तो आहे. दुसरीकडे बनलेला माल मिरजेच्या नावावर खपवणं आता अवघड होईल. पण या गावाचं नाव ज्यामुळे झालं ते मी त्या दुपारी पुन्हा पाहिलं. गाणारा आणि घडवणारा एका सतरंजीवर बसलेले. पुण्यात माझ्याकडे तंबोरे येतात ते शिष्यांच्या हातून, नाहीतर कुरिअरने, गळ्याला चिठ्ठी बांधून. चिठ्ठीवर "काळी एक" नाहीतर "काळी पाच". मी माझ्याकडून चोख काम करतो. पण चिठ्ठीवरून सूर कळतो, गळा कळत नाही. बारीक आवाज आहे की भरदार, मंद्रात रमणारा की तारसप्तकात, हे ऐकल्याशिवाय जवारी किती उघडायची ते कसं ठरवणार? म्हणून चिठ्ठीच्या तंबोऱ्यावर मी मधली, सर्वांना चालेल अशी जवारी लावतो. ती चालते, एवढंच.

पुण्याला परतल्यावर दुकानाच्या दारात मी एक पाटी लावली आहे. जवारीसाठी गाणाऱ्याने स्वतः यावं, आधी वेळ ठरवून. काही गिऱ्हाइकं त्यामुळे तुटली. जी येतात त्यांच्याकडून मजुरी पूर्वीपेक्षा जास्त घेतो आणि ती देताना अजून कुणी कुरकुरलेलं नाही.

तुम्ही गात असाल आणि घरी तंबोरा असेल तर त्याची घोडी वर्षातून एकदा तरी दाखवा. जमलं तर मिरजेलाच घेऊन जा. तंबोरा ठेवून निघून येऊ नका. अर्धा दिवस हाताशी ठेवा, कारागिराशेजारी बसा, तो विचारेल तेव्हा तुमचा सा द्या, आणि काय कमी वाटतं, काय जास्त वाटतं ते मोकळेपणी सांगा. बरोबर एखाद्या शिष्यालाही न्या. आणि उठताना त्याची मजुरी तो सांगेल तेवढी पुरी द्या.