सोंग आणि खात्री

याच वसतिगृहात वाढलेले आम्ही दोघे माजी विद्यार्थी आज एम्बेडेड लिनक्सवर चालणारी उपकरणे घडवतो. दूध संकलन केंद्रावरचे असेच एक उपकरण आमच्या हाती होते. दुधाचा दर फॅट आणि एसएनएफ यांवर ठरतो. त्यामुळे यंत्राचे कॅलिब्रेशन बिघडले, तर तोटा थेट शेतकऱ्याचा होतो.

या उपकरणात प्रोसेसरशेजारी एफपीजीए होती, म्हणजे आतली तर्कजोडणी हवी तेव्हा बदलता येणारी चिप. वीज गेली तरी मजकूर जपणारी मेमरी तिच्यामागे होती. कॅलिब्रेशनचे आकडे लिनक्स लिहिणार आणि एफपीजीए वाचणार, अशी योजना होती. कर्नलमध्ये नवा ड्रायव्हर लिहिता आला असता. परंतु प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर तो सांभाळण्याचा भार आमच्यावर व आमच्यानंतर येणाऱ्यांवर पडला असता. फ्लॅश मेमरीसाठी लिनक्समध्ये एमटीडी ही व्यवस्था आधीच आहे. म्हणून आम्ही एफपीजीएलाच फ्लॅशची भाषा शिकवली.

ती भाषा एसपीआयच्या चार तारांवर चालते. प्रोसेसर षोडशमानातील ९एफ ही आज्ञा देऊन ओळख विचारतो. एफपीजीए तीन बाइटांत एखाद्या परिचित फ्लॅशची ओळख सांगते आणि लिनक्स तिला स्वीकारतो. वाचनाच्या साध्या आज्ञेत पत्ता संपताच पुढच्याच ठोक्याला उत्तर द्यावे लागते. मागील मेमरीतून मजकूर आणण्यास तेवढा अवधी पुरत नाही. जलद वाचनाच्या आज्ञेत मात्र पत्त्यानंतर आठ ठोक्यांची उसंत असते. ५० मेगाहर्ट्झला ती १६० नॅनोसेकंद भरते, आणि तेवढ्यात काम होते. नावाने ही आज्ञा जलद. आमच्या कामी आली ती तिच्यातील थांबण्यामुळे!

खरा प्रश्न लेखनाचा होता. लिहिल्यानंतर लिनक्स ०५ या आज्ञेने स्थिती विचारत राहतो. उत्तरातील शेवटचा बिट १ असेपर्यंत काम चालू; ० झाला की काम पूर्ण. एफपीजीएच्या आतील रॅममध्ये मजकूर पोहोचताच ० सांगता आले असते आणि उपकरण वेगवान भासले असते. पण नेमक्या त्या क्षणी वीज गेली, तर लिनक्सच्या हिशेबी जपलेला आकडा प्रत्यक्षात नाहीसा झालेला असता. म्हणून मजकूर कायमच्या मेमरीत उतरून, परत वाचून ताडून पाहिल्यावरच तो बिट ० होईल, अशी रचना आम्ही केली. वेग घटला, तो आम्ही पत्करला.

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. खात्रीचेही तसेच आहे. फ्लॅशचे नाव, तिची बोली, तिच्या सवयी एफपीजीएला उसन्या घेता आल्या. ‘झाले’ हा शब्द मात्र तिला स्वतःच्या कामातूनच मिळवावा लागला. आज शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींनी हे तंत्र अवश्य शिकावे. केंद्रावर कॅन घेऊन उभ्या असलेल्या माणसाला त्यातले काही ठाऊक नसते; त्याच्या पावतीवरचा आकडा मात्र त्या एका बिटाच्या खरेपणावर अवलंबून असतो.