दफनांची रुजवात

ख्रिस्ती युरोपातील मध्ययुगीन दफनभूमी उकलताना पश्चिमेस मस्तक आणि पूर्वेस पाय करून उताणे निजविलेले सांगाडे ओळीने निघत असावेत, आणि त्यांतच एखादा पालथा, हात पाठीमागे घेतलेला, अथवा कवटी गुडघ्यांपाशी ठेविलेला असा निघावा, की पाहणाऱ्याचे मन तत्काळ कथा रचू लागते: हा चेटक्या असेल, हा बळी दिलेला दास असेल, ही पिशाच्च ठरविलेली स्त्री असेल. उत्खननाच्या व्यवसायात आयुष्य घालविल्यावर माझे मत असे दृढ झाले आहे, की या कथेला जितका उशिरा प्रवेश द्यावा, तितका त्या मृताला अधिक न्याय मिळतो.

पहिली जबानी मातीची घ्यावी. स्नायू कुजले की जबडा आपोआप उघडतो आणि वरचा दगड घसरून त्यात जाऊन बसतो. शवपेटीचे झाकण कोसळले की कवटी खांद्यापर्यंत लोळते. मस्तक जागेवर नाही एवढ्यावरून शिरच्छेद शाबीत होत नाही. त्यासाठी मानेचे मणके एकेक करून उजेडात धरावे लागतात. ताज्या हाडावर बसलेल्या शस्त्राचा छेद गुळगुळीत असतो व त्याचा रंग उरलेल्या हाडाशी मिळतो. आपल्याच कुदळीने आज झालेला घाव खडबडीत व पांढरट दिसतो.

इंग्लंडच्या सफोक जिल्ह्यात, सटन हू येथे, 1939 साली दफनाच्या टेकाडांपैकी एकाखाली जहाजासह पुरलेल्या राजपुरुषाची संपत्ती प्रकट झाली, त्याच टेकाडांच्या परिसरात पुरातत्त्वज्ञ मार्टिन कार्व्हर यांच्या 1983 पासूनच्या उत्खननात 39 विलक्षण दफने उजेडात आली. तेथील आम्लयुक्त वाळूने हाडे जवळजवळ खाऊन टाकली होती. उरले होते ते घट्ट, काळपट वाळूचे मनुष्याकार उंचवटे, आणि त्या वाळूच्या देहांतही कोणाची मान मोडलेली, कोणाचे हात बांधल्यासारखे, कोणी गुडघे टेकलेला, हे स्पष्ट ओळखू येत होते. राजाबरोबर बळी गेलेली माणसे, असा निष्कर्ष किती सहज सुचावा! परंतु कार्बन कालमापनाने ही दफने 8व्या ते 11व्या शतकांतील, म्हणजे टेकाडांखालच्या राजांहून अर्वाचीन ठरली, आणि त्यांतील एका समूहाजवळ फाशीच्या खांबांच्या खुणाही आढळल्या. ख्रिस्ती झालेल्या सत्तेने मूर्तिपूजक पूर्वजांच्या टेकाडांवर आपल्या गुन्हेगारांची वधभूमी केली होती. पुरातत्त्वज्ञ अँड्र्यू रेनॉल्ड्स यांनी अशा जागांचा इंग्लंडभर धांडोळा घेतला, तेव्हा त्या पुष्कळदा परगण्यांच्या हद्दींवर निघाल्या. जिवंतपणी समाजाबाहेर पडलेल्यास मरणोत्तरही हद्दीवरच जागा मिळे.

अपवाद ओळखायचा तर त्या स्थळाचा नियम आधी ठाऊक हवा, याची खूण आपल्याकडे इनामगावात आहे. घोड नदीकाठच्या त्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत प्रौढांची पावले तोडून त्यांना पुरण्याची रूढी होती. तेथे वेगळा ठरतो तो चार पायांच्या मातीच्या रांजणात बसविलेला, पावले शाबूत असलेला पुरुष.

भयाची कथा नेहमीच खोटी असते, असे मात्र मुळीच नाही. यॉर्कशायरमधील व्हॅरम पर्सी या उजाड गावातून मिळालेल्या, किमान दहा माणसांच्या 137 हाडांचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. ती 11व्या ते 14व्या शतकांतील असून त्यांवर मरणोत्तर सुरीचे घाव व जाळल्याच्या खुणा आहेत. उपासमारीत नरमांसभक्षण झाले असावे, ही शंका रास्तच होती. पण मांस सोडविणारी सुरी सांध्यांशी व स्नायूंच्या मुळाशी चालते, आणि येथील घाव मुख्यतः मस्तक व मानेपाशी आहेत. परकी म्हणून त्यांची विटंबना झाली म्हणावे, तर दातांतील स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याने ती माणसे त्याच मुलखात वाढल्याची ग्वाही दिली. यॉर्कशायरमधीलच न्यूबर्गच्या मठातला विल्यम 12व्या शतकात, उठून हिंडणाऱ्या प्रेतांचे व ती उकरून जाळणाऱ्या लोकांचे वृत्तांत गांभीर्याने नोंदवितो. इतकी रुजवात झाल्यावर, मृत पुन्हा उठेल या धास्तीनेच हे केले गेले, हा तर्क सर्वांत सयुक्तिक ठरतो, आणि मी तो मानतो.

वृत्तपत्रात ‘पिशाच्चाची कबर’ म्हणून एकट्या सांगाड्याचे छायाचित्र छापून आले, तर वाचकांनी शेजारच्या कबरींचा नकाशा मागावा. आणि उत्खनन करणाऱ्यांनी तो त्या छायाचित्राच्या आधी छापावा.