अंबरखाना आणि आठ रुपये

पन्हाळा पाहायला आलेला पाहुणा अंबरखान्यापाशी पोचला, की हमखास थक्क होतो. गंगा, यमुना, सरस्वती अशी नद्यांची नावे मिरवणारी ती तीन धान्यकोठारे! एकट्या गंगा कोठीत 25,000 खंडी धान्य मावत असे, असे सांगतात. बाहेरच्या जिन्याने वर चढायचे आणि छपराला ठेवलेल्या भोकांतून धान्य आत ओतायचे. पाहुणा खंडीचा हिशेब क्विंटलात करू पाहतो. तो जमत नाही, आणि मग झुणका-भाकरीच्या शोधात तो तीन दरवाजाकडे वळतो.

मला मात्र ती कोठारे पाहिली की निराळाच विचार सुचतो. हे धान्य भरताना एखादा किल्लेदार, "शिबंदीला आम्ही दानधर्म म्हणून जेवू घालतो," असे म्हणाला असेल का? मुळीच नाही. 1660 साली सिद्दी जौहरचा वेढा पडला, तेव्हा गडाने चार महिने दम धरला तो काही नुसत्या तटाच्या जोरावर नव्हे. कोठीत दाणा होता म्हणून तटावर माणूस उभा होता. माणसाला पोटभर घालणे हा राज्याचा उपकार नव्हता. राज्य राखण्याचाच तो एक भाग होता.

आता गडावरून थोडे खाली उतरू. खालच्या एका वाडीतली अंगणवाडी माझ्या चांगली ओळखीची आहे. एक खोली, पुढे पत्र्याची पडवी, आणि भिंतीवर रंगवलेला मोर. मुले त्याला कोंबडाच म्हणतात, आणि ताईनेही आता वाद घालणे सोडले आहे. आया सकाळी भांगलणीला जाताना पोरांना दारात सोडून जातात. ताई कुणाचे नाक पुसते, कुणाला गोष्ट सांगते, वजनकाट्यावर बसवलेल्या पोराचे रडे थांबवते, गरोदर बायकांची विचारपूस करते, लसीकरणाचा दिवस घरोघर सांगून येते. मदतनीस बाई तोवर खिचडीला फोडणी देते. शिवाय 2021 पासून हे सारे मोबाइलात भरायचे असते. पावसाळ्यात धुके उतरले की वाडीत रेंज नसते; मग ताई छत्री घेऊन वरच्या वळणावर जाऊन उभी राहते. भूक, वजन आणि हजेरी यांना असा डोंगर चढावा लागतो!

एकदा पारावर आमचे एक वयोवृद्ध स्नेही ही सारी धावपळ पाहून म्हणाले, "कशाला हवीत ही थेरं? आमच्या टायमाला कुठं हुती अंगणवाडी? आमी न्हाई वाढलो?"

मी विचारले, "आबा, तुम्ही भावंडं किती?"

"नऊ."

"आणि मोठी झाली किती?"

आबांनी बोटे मोजायला सुरुवात केली. चौथ्या बोटावर त्यांचा हात थांबला. पुढे बराच वेळ ते काही बोलले नाहीत, आणि मलाही काही बोलवेना.

वाचकहो, लहान मुलासाठी सरकारी तिजोरी उघडावी हा विचार आपल्या मुलुखाला नवा नाही. 1917 साली राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. पण ती सोय शाळेच्या वयाच्या मुलांची होती. त्याआधीची पाच-सहा वर्षे मूल आईचे आणि देवाचे! ती वर्षे समाजाने मनावर घेतली ती ताराबाई मोडकांसारख्या माणसांमुळे. 1945 साली त्यांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डीला काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि 1957 साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. पाड्यावरची मुले शाळेत येईनात, तेव्हा या बायकांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच.

पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना काढली. देशात पहिले प्रकल्प होते अवघे 33. आपल्याकडे मेळघाटातले धारणी त्यांत होते. आज एकट्या महाराष्ट्रात लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. पण ही वाढ आपोआप झालेली नाही. 2001 आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की अंगणवाडी प्रत्येक वस्तीला हवी. खेड्यात चाळीस मुले असतील तर लोकांनी मागावी आणि सरकारने द्यावी. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या बालकाचा आहार हा त्याचा हक्क ठरवला. म्हणजे मूल आता आश्रित राहिले नाही, ते हक्कदार झाले.

कागदावर झाले, असे म्हणू. कारण हक्काची किंमत काय, हे पाहायला गेले की मन खट्टू होते. 2017 साली मुलामागे दिवसाला आठ रुपये असा दर ठरला. त्यात केंद्राचे निम्मे आणि राज्याचे निम्मे. एवढ्यात तेव्हा 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिने द्यायची होती! गडावर आलेल्या पाहुण्याला आठ रुपयांत धड चहा मिळत नाही.

आणि ताईचे काय? तिला पगार नाही. तिला मिळते ते मानधन. केंद्राने ऑक्टोबर 2018 पासून ते 4,500 रुपये केले, आणि राज्य त्यात आपली भर घालते. शब्द मोठा गोड आहे. मान आहे म्हणून धन थोडे चालेल, असे त्यात सुचवलेले असते. पण 4 डिसेंबर 2023 ला राज्यातल्या या बायका संपावर गेल्या आणि पन्नासाहून अधिक दिवस मागे हटल्या नाहीत. त्याआधी एप्रिल 2022 मध्ये गुजरातेतल्या सेविकांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा अधिकार मान्य केला होता. मान कोर्टाने दिला. धन मागायला रस्त्यावर बसावे लागले. तटावरच्या शिपायाला कुणी मानधन देत नाही, पगारच देतात. मग कोठी सांभाळणारीने काय पाप केले?

हे सारे दिवाळीच्या अंकात कशाला, असे कुणी म्हणेल. कारण दिवाळी सरली की आमच्या तालुक्यात उसाचा हंगाम सुरू होतो. वारणेच्या आणि कासारीच्या काठाला, फडाच्या कडेला, मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड मजुरांच्या खोप्या उभ्या राहतात. पहाटे आईबाप कोयता घेऊन फडात जातात, आणि तीन-चार वर्षांचे पोर पाचटाच्या ढिगावर धाकट्याला सांभाळत बसते. त्याचे नाव शे-दीडशे कोसांवरच्या गावातल्या अंगणवाडीत असते, आणि तिथे त्याची हजेरी लागत नाही. कायद्याने जवळच्या अंगणवाडीत आहार द्यायला सांगितले आहे. त्यात जन्मगावची अट नाही. पण पातेल्यात तांदूळ पडतो तो पटावरच्या नावांप्रमाणे.

मी सांगितली त्या ताईच्या दारात हंगामात अशी चार-पाच पोरे येऊन उभी राहतात. ती त्यांना आत बोलावते, हात धुवायला लावते आणि ताटली देते. त्या दिवसांत ती खिचडीत दोन मुठी तांदूळ जास्त घालते. एकदा मी विचारले, "हा तांदूळ कुठल्या खात्यातला?"

ती हसून म्हणाली, "घरच्या डब्यातला, गुरुजी. आता दारात आलेल्या पोराला काय वही दाखवायची?"

ते दोन मुठी तांदूळ तिच्या डब्यातून न जाता राज्याच्या कोठीतून यावेत, आणि पोर ज्या वाडीत असेल त्या वाडीत त्याचे नाव त्याच दिवशी लागावे, एवढेच यंदाच्या दिवाळीला माझे मागणे आहे.