जोड

बैलजोडी विकली त्या दिवशी धानोऱ्याच्या आमच्या घरी कोणी नीट जेवले नाही. अंगणात जुना घेतलेला ट्रॅक्टर उभा होता. पण वखर, तिफण, सारी औते बैलांची. नवी घेण्यास पैसा नव्हता. तेव्हा आम्ही ठरविले, जू गेले तरी औते जाऊ द्यायची नाहीत.

वेल्डिंगच्या दुकानात भंगारातल्या लोखंडाची तीन टोकांची चौकट तयार झाली. खालची दोन टोके ट्रॅक्टरच्या दोन हातांना, वरचे टोक टॉप लिंकला. पुढे एक जुना नांगर मिळाला, तर त्याच्या पिना २२ मिलिमीटरच्या आणि ट्रॅक्टरच्या हातांची भोके २८ची. पाइपाचे तुकडे कापून बुश केले व ती पोकळी भरली. तास सरळ पडू लागले आणि आम्हांस गर्व झाला.

त्या गर्वानेच घात होणार होता. बांधावरचे बाभळीचे खोड उपटायचे होते. साखळी खालच्या हुकात अडकविण्यास वाकावे लागते. आम्ही ती वर, टॉप लिंकच्या जागी अडकविली. धाकट्या भावाने क्लच सोडला मात्र, खोड हलले नाही, ट्रॅक्टरची पुढची चाके मात्र जमीन सोडून वर गेली! त्याने तत्काळ क्लच दाबला, म्हणूनच आज तो आमच्यात आहे.

आबा एवढेच म्हणाले, "पोरांनो, जोडलेत खरे, पण ओढ कुठून लागते ते पाहिले नाहीत."

वाचकहो, यंत्राचे मर्म त्या वाक्यात आहे. ओढ मागच्या आसाच्या वर लागली, की चाके जमिनीला धरून राहतात आणि ट्रॅक्टरचे धूड आसाभोवती मागे उलटते. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात नांगर अडला की ट्रॅक्टर असेच उलटत व चालक चिरडले जात. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांनी तीन टोकांची जोडणी सिद्ध केली, ती १९३९ साली फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली आणि जगभर रूढ झाली. तीत खालचे हात औत ओढतात, तर वरचा दांडा पुढे रेटा देऊन ट्रॅक्टरचे तोंड जमिनीवर दाबून ठेवतो. ज्या दांड्याने रेटायचे, त्याच्याच जागेवरून आम्ही ओढ घेतली होती.

घरी केलेल्या जोडणीला आम्ही कमी लेखत नाही. शेजारच्या गुजरातेत, अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगानी यांनी १९९४च्या सुमारास बुलेट मोटारसायकलचे मागचे चाक काढून तेथे दोन चाकांचे औत बसविले. पुढे अहमदाबादच्या नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने त्यांचा गौरव केला. गरजेतून आलेली बुद्धी हे गरिबाचे भांडवलच होय. परंतु लोखंड लोखंडाला जोडणे सोपे. त्या जोडावर बसलेल्या माणसाचा विचार आधी करणे, हे खरे कसब.

आमच्या ट्रॅक्टरची ती वरची जागा आता लाल रंगविली आहे. कोणी कारण विचारले, की धाकटा काही बोलत नाही. साखळी हाती घेतो आणि खाली वाकून हुकात अडकवून दाखवितो.