डिस्कचा हट्ट सोडला

जुन्या जीपला पुढे डिस्क ब्रेक बसवल्याशिवाय ती घाटात नेऊ नये, असं मी वर्षानुवर्षं ज्याला त्याला ऐकवत आलो. आता ऐकवत नाही. माझ्या सीजे-थ्रीबीला चारही चाकांना ड्रमच आहेत आणि ते तसेच राहणार आहेत.

मुंबईत १९४०च्या दशकाच्या अखेरीस विलिस जीपची जुळवणी सुरू झाली. पुढे महिंद्राने सीजे-थ्रीबी हे उंच बॉनेटचं मॉडेल कितीतरी वर्षं बनवलं. त्यामुळे अशा गाड्या आपल्याकडे अजून सापडतात आणि बहुतेक मालकांची तक्रार एकच: ब्रेक लागत नाहीत. खापर फुटतं ड्रमवर.

माझं मत हललं ते चाक काढून ड्रम उघडला तेव्हा. लायनरच्या वरच्या टोकाला तेवढी चकाकी, बाकीचा लायनर कोराच. म्हणजे गाडी थांबवत होता तो बोटभर तुकडा! शू ड्रमजवळ आणायचा वरचा बोल्ट सगळेच फिरवतात. खालच्या अँकर पिनांकडे कुणी बघत नाही. त्या सेट नसतील तर वरचा बोल्ट कितीही फिरवा, लायनर पुरता टेकत नाही. पिना बसवल्या, व्हील सिलिंडरांत नवी किटं टाकली, सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करून एअर काढली. पेडल असं कडक झालं की डिस्कची आठवण येईना.

शिवाय डिस्कचा हिशेबही मी कधी नीट मांडला नव्हता. ड्रममध्ये पुढचा शू चाकाच्या फिरण्यानेच आणखी घट्ट धरतो, पायाला फुकटची मदत. डिस्कला ती नाही, म्हणून दाब जास्त लागतो, म्हणून बूस्टर. बूस्टरला व्हॅक्यूम हवा. जीपमध्ये मागाहून डिझेल इंजिन बसवलेलं असेल तर त्यासाठी वेगळा पंप. एवढा खटाटोप करून मास्टर सिलिंडर जुना एकेरीच ठेवला, तर एक होज पाइप फुटला की चारही चाकं मोकळी!

म्हणून मी मूळ वस्तू बदलली ती एकच. पायाखालचा एकेरी मास्टर सिलिंडर काढून दुहेरी लावला, ड्रमसाठीचाच, पुढची आणि मागची लाइन वेगळी. अस्सलपणाचे भोक्ते नाक मुरडतात, मुरडू देत. फक्त पुशरॉडला किंचित ढील ठेवली. ती नसेल तर ब्रेक ऑइल परत यायचं भोक झाकलेलं राहतं, ब्रेक आपसूक धरतात आणि ड्रम तापतात.

ओढ्यातून निघाल्यावर ड्रम ओले राहतात, डिस्क चटकन सुकते, हे मात्र खरं. तेवढ्यापुरता पाय हलका दाबत थोडं अंतर सावकाश जायचं.

घरी हे काम काढणार असाल तर जुन्या लायनरची पूड हवेच्या झोताने उडवू नका, तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, स्टँड लावा. आणि पेडल कडक लागल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नका.